चपलांच्या रांगेतला बूट

दवाखान्याच्या दारावर बसून माझी उमर गेली. रिकाम्या बाटल्या भंगारवाला उचलतो, रद्दी किराणावाला नेतो, पण किस्से कुणी नेत न्हाई. ते साचत राहतात. घरचे म्हणाले, "तात्या, लिहून काढा, म्हणजे आमाला सारखं ऐकावं लागणार न्हाई." म्हणून लिहायलोय. चौथीत शाळा सोडलेला माणूस हाय मी. शुद्धलेखन बघायचं असेल त्यानं दुसऱ्याचं वाचावं.

आमचा दवाखाना परभणीत. खाली डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई पेशंट बघायचे, वर त्यांचं घर. घरात डॉक्टरांच्या आई, आमी त्यांना अव्वा म्हणायचो. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि आवाज असा की खालचा पेशंट उठून बसायचा. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. आज मोर्चा, उद्या बंद. दवाखाना मात्र चालू.

नंबराची आमची पद्धत साधी. आल्या आल्या चप्पल काढून रांगेत ठेवायची आणि लिंबाखाली बसायचं. रांग पुढं सरकवायचं काम माझं. माणसं भांडतात, चपला भांडत न्हाईत.

*

तेव्हा शेतकी शिकायला परमुलखातली पोरं परभणीत राहायची. त्यातला एक सुदानचा, उस्मान. एवढा उंच, की आमच्या चौकटीला त्याचं कपाळ दरवेळी सलाम करायचं.

पहिल्यांदा आला तो तापानं फणफणून. आला आणि बाकावर बसला. मागून आलेले आत जाऊन, सुई टोचून घेऊन, बाहेर पडले. दुपार झाली तसा उठला आणि मला म्हणाला, "चाचा, मेरा नंबर कब?"

मी खाली बघितलं. नाडीचे बूट, गच्च बांधलेले.

"तुमचा नंबर तुमच्या पायातच हाय की."

*

माणूस हुशार. पुढच्या वेळी सकाळीच रिक्षावाल्याच्या हातानं एक बूट पाठवून दिला. मी ठेवला रांगेत. साहेब अकराला आले, एका पायात बूट आणि दुसऱ्यात मोजा.

आता त्याच्या मागं पेडगावची कोंडाबाई. गुडघे दुखतात म्हणून बाई दर आठवड्याला यायची. गुडघे दुखायचे, तोंड कधी दुखल्याचं मी बघितलं न्हाई. तिनं रांगेत एकटा बूट बघितला आणि कमरेला हात लावले.

"ह्यो अर्धा नंबर हाय. अर्ध्या नंबराला अर्धंच तपासा. कमरेपासून खाली तपासायचं का वर, ते त्याला ठरवू द्या."

त्या दिवसापासून आमच्याकडं कायदाच झाला. एका पायाचा अर्धा नंबर.

*

उस्मानला डॉक्टरांशी खाजगीत बोलायचं असायचं. आमच्याकडं खाजगी म्हणजे मधी एक पडदा, तोही आखूड. डॉक्टर आत विचारायचे आणि बाकावरचे बाहेरून सल्ला द्यायचे. कुणी सुंठ सांगायचं, कुणी दृष्ट काढ म्हणायचं.

एकदा कोंडाबाईनं पडद्याबाहेरूनच विचारलं, "लेकरं किती रं तुला?"

त्याला तेवढी मराठी यायला लागली होती. म्हणाला, बीवी गावाकडं हाय. एक लेकरू झालं होतं, जन्मताच गेलं. दवाखाना लांब होता. आता परत दिवस गेलेत, तिला इकडंच आणायलोय.



*

बायको आली. अमीना नाव. लाजाळू पोरगी, डोळ्यांनीच बोलायची. उस्मानचा जीव खालीवर. परभणीत बाळंतपण करायचं का मुंबईला न्यायचं, हाच एक घोर. आमचा दवाखाना तपासायला आला. लाइट जाती का? जाती. मशीन हाय का? एक हाय, बिघडलेलं. तो गेला सरळ मुंबईला.

चार दिवसांनी परत आला, तोंड उतरलेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात आधी पासपोर्ट बघितला, मग रेट सांगितला. तोही डॉलरमधी. बाळाच्या आधी डिपॉझिट.

मला हळूच विचारलं, "चाचा, यहाँ भी फॉरेनर का रेट अलग है क्या?"

मी म्हटलं, "हाय ना. तुमाला शिव्या जास्त."

*

त्याच्या शिक्षणाचा खर्च देणारं तिकडचं कुठलंसं हापीस होतं. बिल पाठवलं की औषधपाण्याचे पैसे द्यायचं. यानं अमीनाच्या तपासणीचं बिल पाठवलं, रुपये दहा. तिकडून उत्तर आलं, आकडा लिहिताना काहीतरी राहून गेलेलं दिसतं, नीट बिल पाठवा.

उस्मान डॉक्टरांपुढं हात जोडून उभा. थोडं वाढवून द्या म्हणाला, न्हाईतर हे दहाही बुडतील.

डॉक्टर फार सरळ माणूस. म्हणाले, "खोटं मी लिहिणार न्हाई. पाहिजे तर तुम्हाला दोन इंजेक्शनं देतो, आपोआप वाढेल."

"रहने दो डॉक्टरसाब," म्हणत तो जो मागं सरकला, तो पडद्यासकट बाहेर.

*

सातवा लागला, दोघं तपासणीला आले तशी अव्वांनी चौकशी केली. पोरगी माहेरी कधी जाणार? उस्मान म्हणाला, माहेर समुद्रापलीकडं, आता विमानात घेत न्हाईत. अव्वा म्हणाल्या, मग वरची खोली रिकामी हाय, उद्या आणून सोड.

त्याला वाटलं दवाखान्यात भरती करायलेत. रोजचं भाडं किती, विचारायला लागला. मी अव्वांना सांगितलं. अव्वा जिन्यात आल्या.

"त्याला विचार, त्यांच्यात लेक माहेरी आली की खोलीचं भाडं घेतात का?"

मी विचारलं. अमीना तेवढ्यात चपला काढून जिना चढायला लागली होती.

*

अव्वांच्या घरात कांदासुद्धा सोमवारी वर्ज्य, आणि अमीनाला डोहाळे लागले मटणाचे! अव्वा म्हणाल्या, माहेरात डोहाळा मोडायचा नसतो, पण भांडं वेगळं आणि चूल परसात.

उस्मान परसात तीन दगडं मांडून रांधायला बसला. अव्वा पाठ करून, नाकाला पदर लावून, बेलाच्या झाडाकडं तोंड करून बसल्या. थोड्या वेळानं तशाच पाठमोऱ्या ओरडल्या,

"मीठ घातलं का विचार त्याला!"

*

दिवस भरले ते नेमके बंदच्या दिवशी. रिक्षा न्हाईत. उस्मान कॉलेजापासून पळत आला. लाइटही गेली. त्यानं महिनाभर आधी मोठी बॅटरी घेऊन ठेवली होती, ती धरून खिडकीशी उभा राहिला. हात असे थरथरायलते की डॉक्टरीणबाई आतून ओरडल्या, "ती बॅटरी काढून घ्या, छत हलल्यागत दिसायलंय!"

कोंडाबाई आदल्या दिवशी आलेली, एस्टी न्हाई म्हणून मुक्कामाला अडकलेली. तिनं त्याच्या हातातली बॅटरी हिसकली आणि आत गेली. गुडघ्यांचं नाव न्हाई. बाई शेवटपर्यंत उभी राहिली.

आवाज आला. लेकराचाच. मुलगी.

उस्मान जिन्याच्या पायरीवर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला. कशाला, त्यालाही ठाऊक नसावं.

*

मुलगी पाच महिन्यांची झाली. तिला टोचायचं होतं. अव्वा म्हणाल्या, आतल्या जिन्यानं घेऊन जा. उस्मान ऐकेना. "नहीं अव्वा, नंबर से." लेक कडेवर घेऊन बाहेरून आला. रांग लिंबापर्यंत गेलेली. सगळ्यात पुढं कोंडाबाईच्या चपला.

बाई उठली. लेकराच्या पायातला लोकरीचा मोजा काढला. दुसरा लेकरानं तोंडात धरलेला, तो सोडीना. बाईनं तो एकच मोजा आपल्या चपलांच्या पुढं नेऊन ठेवला.

मागं चुडाव्याचा एक पेशंट होता. पहिल्यांदाच आलेला, पण कायदा त्याला कुणीतरी सांगितलेला. म्हणाला, "बाई, एका पायाचा अर्धाच नंबर असतो म्हणं इथं."

मी कोंडाबाईकडं बघितलं. आता हा मेला, असं वाटलं.

बाई खाली वाकली, गुडघ्यावर हात ठेवून. आपल्या जोडीतली एक चप्पल उचलली आणि त्या मोज्याला लावून ठेवली.

"आता झाला पुरा?"

मी हाळी दिली, "पहिला नंबर!"