तळाचा गाळ

आमच्या न्हावऱ्यात पोरगं पोहायला शिकलं, हे नुसतं तोंडी सांगून कुणी मानत नसे. विहिरीच्या तळाला जायचं, मूठभर गाळ वर आणायचा आणि काठावरच्यांना मूठ उघडून दाखवायची. मी आणि माझा धाकटा भाऊ पाठीला भोपळा बांधून एकाच विहिरीत शिकलो. गाळ आधी त्यानं आणला.

एका पावसाळ्यात पाण्याच्या मोटारीचा, पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गाळात रुतला म्हणून तो भरल्या विहिरीत उतरला आणि वर आलाच नाही. मी दौंडहून सुट्टीवर आलो होतो. कपड्यांसकट उडी टाकली. पाच परुस, म्हणजे एकावर एक पाच माणसं बुडतील एवढं पाणी. अर्ध्यावरच कान ठणकायचे, छाती फुटायला यायची आणि मी वर यायचो. काठावर आई उभी होती. दर वेळी ती माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायची. शेवटी लोकांनी गळ टाकून त्याला काढलं.

त्यानंतर मी पाण्यात उतरलो नाही. रेल्वेत नोकरी केली, रिटायर झालो आणि लेकीनं आम्हा नवरा-बायकोला अंदमानला धाडलं. तिथल्या एका लहानशा बेटावर, पाठीवर हवेची टाकी लावून समुद्राच्या तळाशी नेतात असं कळलं.

बायको म्हणाली, "अवं, कशाला जाताय? पान्याचं नाव काढलं तरी उठून जाता तुमी."

मी नेणाऱ्या तरुणाला एकच विचारलं, किती खोल?

"पाँच-छह आदमी जितना, अंकल."

मी टाकीसाठी पाठ पुढे केली.

पाण्यात श्वास रोखायचा नाही, एवढं त्यानं पुन्हा पुन्हा बजावलं. विहिरीत शिकलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. डोकं बुडालं आणि दम आपोआप कोंडला गेला. भरलेली छाती मला वर ओढू लागली. त्यानं धरून खाली घेतलं, माझ्या छातीवर बोटं आपटली. मी श्वास घेतला. आला. पुन्हा घेतला, पुन्हा आला. एवढ्या खोल पाण्यात मला हवा मिळत होती, आणि मी मास्कच्या आत रडायला लागलो.

भोवती प्रवाळ होतं, पिवळे-निळे मासे अगदी नाकासमोरून जात होते, आम्हा दोघांशिवाय दुसरं माणूस नव्हतं. मला त्यातलं काही नको होतं. मी तळावर गुडघे टेकले आणि वाळू मुठीत घेतली. त्यानं वर चलायची खूण केली. मी नाही म्हणून मान हलवली. आत्ता कुठं पोचलोय, थोडं शोधू दे, एवढंच डोक्यात होतं. कुणाला शोधत होतो, हे त्याला कसं कळावं? त्यानं माझी मूठ धरली. इथलं काही वर न्यायला मनाई. एकेक बोट उकलून त्यानं वाळू सांडली आणि मला काखेत धरून वर आणलं.

होडीत बायकोनं टॉवेलनं माझं डोकं पुसलं. तो पोरगा खूश होता. टाकीचं मीटर माझ्यापुढे धरून म्हणाला, "देखो अंकल, आधी हवा तो बच गई."

ही उरलेली अर्धी टाकी हवा त्या दिवशी विहिरीत का नव्हती, हे मी कुणाला विचारणार? बायको माझ्या हाताकडे बघत होती. मी तो टॉवेलखाली घेतला.