पटाशीच्या दिवशी गोळीला सुट्टी

सुताराला हार्ट अटॅक आला तो झटक्यात; मागे ठेवून गेला ती कटकट. हृदयाचा एक कोपरा लुळा पडला होता आणि तिथे रक्त साचून गाठ झाली होती. ती सुटून डोक्यात गेली तर अर्धांगवायू, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. मग रक्त पातळ करणारी दोन औषधं सांगितली, एक जुनं, एक नवं; त्यातलं एकच घ्यायचं. जुनं घेतलं तर वरचेवर रक्त तपासायचं, पालेभाजीचंही प्रमाण सांभाळायचं. नव्याला ती भानगड नाही, पण एकही गोळी चुकवायची नाही. तिचा असर दिवसभरात उतरतो. कुठलंही चालेल, तुम्हीच ठरवा, म्हणाल्या.

सुताराचं डोकंच फिरलं. तो कधी गिऱ्हाइकाला विचारायचा का, रंधा कुठला मारू म्हणून? काम टाकून रक्त द्यायला कोण जाणार, एवढ्यावरच त्याने नवं औषध घेतलं.

थोड्याच दिवसांत लाकडात खाचा पाडताना पटाशीची धार अंगठ्याला लागली. एरवी अशा जखमेकडे तो ढुंकूनही बघत नसे. या वेळी रक्त थांबेना, आणि पॉलिश करून ठेवलेल्या दारावर डाग पडले. दार पुन्हा घासताना त्याने औषधाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याच तिरीमिरीत अक्कल लढवली: पटाशीचं काम असेल त्या दिवशी गोळीला सुट्टी. बायकोला त्याने पत्ता लागू दिला नाही.

पुढच्या तपासणीत गाठ विरघळायची सोडून वाढलेली निघाली. डॉक्टरबाई चक्रावल्या. हे औषध तुम्हाला लागू पडत नाहीसं दिसतंय, म्हणत त्या जुनं लिहायला लागल्या. सुताराला हायसं वाटलं. आयतं औषधावर खापर फुटतंय, आपण कशाला तोंड उघडा? पण चुकलेल्या मापावर पुढचं काम उभं केलेलं त्याला जन्मात खपलं नव्हतं. शेवटी तो चिडूनच बोलला, "औषधाला बोल लावू नका. पटाशीचं काम असलं की मी घेत नव्हतो."

असं काम कितीदा असतं, हे त्यांनी विचारलं तेव्हा तो छताकडे बघत बसला. उत्तर शेजारी बसलेल्या बायकोने दिलं. "रोज."

संतापाने ती त्याच्याकडे वळली. "बोट कापलं तर मी पट्टी बांधीन. गाठ डोक्यात गेली तर काय बांधू?"

आजची तरी घेतली का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं.

घेतली नव्हती. दुपारी एका दाराला बिजागऱ्यांसाठी खाचा पाडायच्या होत्या.