धाकट्या जावेची गोलकीपर

माझी धाकटी जाऊ देशाच्या महिला संघातून फुटबॉल खेळलेली आहे, हे सासूबाई गॅस द्यायला आलेल्या माणसालासुद्धा सांगतात. बाहेरच्या खोलीत तिचा मोठा फोटो आहे. अंगात देशाची जर्सी, एक पाय चेंडूवर. मी पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, अख्खा हॉल माझ्या आवाजावर चालतो. त्याचा फोटो कुणी काढला नाही. काढला असता तर मी नको म्हटलं नसतं.

बरं, एवढी मोठी झाली तर थोडा तोरा तरी दाखवावा? तेही नाही. कायम मूग गिळून बसलेली. संघातल्या मुली तिला ‘मुकी’च म्हणायच्या. ती बचावाला खेळायची, समोरचीच्या पायातून चेंडू अलगद काढून घ्यायची, आणि कौतुक झालं की खाली मान घालून हसायची. अशा बाईशी भांडणार कसं? टाळी एका हाताने वाजत नाही.

मग परदेशातल्या एका सामन्यात तिचा गुडघा गेला. डॉक्टरांनी खेळणं बंद केलं. मी तिला जेवणाचं ताट हातात नेऊन दिलं, पाय शेकून दिला, आणि मनात म्हटलं, चला, आता आपण दोघी सारख्या. तेवढंच सुख. वर्षभरात ती क्लबात मुलींची कोच झाली आणि माझ्या लेकीला घेऊन गेली.

लेक म्हणजे एक नंबरची भांडकुदळ. जावेने तिला थेट गोलमध्ये उभी केली. हळूहळू ती काकूसारखे केस बांधायला लागली, काकूसारखी चालायला लागली, घरात काकूसारखं हळू बोलायला लागली. मी हौसेने बूट आणले तर ते लहान झाले. काकूला तिचं माप माहीत होतं. तिची पाळी सुरू झाली तेव्हाही तिने आधी काकूला सांगितलं. मला ते जावेकडून कळलं, भांडी घासता घासता. नऊ महिने पोटात मी वाढवली आणि ही आयत्या बिळावर नागोबा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार काय? ती ताटं विसळत होती.

यंदा जावेला दुसऱ्या शहरात, ज्युनिअर संघाच्या अकादमीत नोकरी लागली. लेकीलाही तिथे घेतात म्हणाली, राहील आमच्याकडेच. नवऱ्याने हात झटकले: तू आई आहेस, तूच ठरव. रविवारच्या सामन्यानंतर मी उत्तर द्यायचं होतं. उत्तर तयार होतं, नाही. फक्त कारण हवं होतं. ते शोधायला मी आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला गेले.

मी गोलच्या बाजूला जावेपाशी उभी राहिले. समोरच्या मुली चेंडू घेऊन धावत आल्या, आणि गोलमधून आवाज आला, “ए, डोळे गहाण टाकलेत का? डावीकडे बघ! तुझं काम काय मी करू?”

मी दचकले. टेप वाकडी लागली की मी हॉलमध्ये हेच बोलते, शब्दाला शब्द. एक हात कमरेवर, तोही माझाच. ती बचावातली मुलगी मुकाट्याने डावीकडे पळाली आणि चेंडू अडला.

मला आतून गुदगुल्या झाल्या. पण तोंड वाकडं करूनच मी जावेला विचारलं, हेच शिकवतेस का पोरींना.

“नाही, ताई,” ती म्हणाली. “हे मला शिकवता येत नाही. माझा गुडघा कसा गेला, माहितीये? मी आणि आमची गोलकीपर एकाच चेंडूवर गेलो. ‘मी घेते’ एवढंच ओरडायचं होतं. तोंडातून शब्दच निघाला नाही.” मग मैदानाकडे बघत म्हणाली, “हिला गोलमध्ये उभी केली ती आवाजामुळे. तो तुमचा आहे. तुम्ही घरात ओरडलात की मी ऐकत बसायचे. हेवा वाटायचा मला.”

इतकी वर्षं मी जळत होते आणि ही बाई माझ्यावर जळत होती! मला आधी रागच आला. सांगायचं होतंस की.

सामना संपला. लेक धावत आली ती माझ्या शेजारून, आणि चिखलाच्या ग्लोव्हजसकट काकूच्या गळ्यात पडली. तिच्या कानात म्हणाली, “आई काय म्हणाली?” मी हातभर अंतरावर उभी होते. ‘नाही’ अगदी जिभेवर आलं होतं.

“ने तिला,” मी जावेला म्हणाले. “पण घरातही ओरडू दे. नुसती मान डोलवायला शिकवू नकोस.”

आता लेकीचा फोन येतो. बोलता बोलता मागून जाऊ काहीतरी बोलते आणि लेक खो खो हसते. जावेचा आवाज तो, मला कुठला ऐकू यायला. मी विचारते, काय म्हणाली गं?

“काही नाही गं, आई,” ती म्हणते.