ठेवणीतल्या रेकॉर्डी

मी मुळात चिकट माणूस आहे. सुखाच्या बाबतीत चिकट. चांगली वस्तू हाती आली की ती लगेच वापरून मोकळं व्हावं, हे मला कधी जमलं नाही. आमच्या घराण्यातच ही खोड आहे. पाहुण्यांच्या बश्या काचेच्या कपाटात, नवी सतरंजी पेटीत, आणि आईची ठेवणीतली इरकल तर अशी जपलेली, की तिची घडी पहिल्यांदा मोडली ती आईला शेवटचं न्यायच्या दिवशी. त्या दिवशी मी पोटभर रडलो, पण शिकलो मात्र काहीच नाही.

बिदरला मैलूरमध्ये आमचं घर आणि गावाबाहेर तुरीच्या डाळीची मिल. तीस वर्षं मी त्या मिलच्या घरघराटात उभा राहिलो आणि तीस वर्षं रेकॉर्डी गोळा केल्या. दोन्ही कामं एकमेकांच्या मुळावर उठलेली आहेत, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. कलबुर्गीचा उरूस, बिदरच्या जुन्या शहरातले भंगारवाले, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या मालकांची घरं, कुठेही मी जायचो. कानडी शरणसंतांची वचनं, दखनीतल्या कव्वाल्या, मराठी नाट्यपदं, जे मिळेल ते. नवी रेकॉर्ड हातात आली की ती उजेडात तिरपी धरून तिच्या रेघा बघताना मला जो आनंद व्हायचा, तो पोटच्या पोराचा निकाल बघतानाही झाला नाही. बायकोसमोर हे बोलायची सोय नाही.

अमावस्येला इथला बाजार बंद असतो, तशी मिलही बंद. त्या दिवशी जेवण झालं की एक नवी रेकॉर्ड ऐकायची, दोन्ही बाजू, पण एकच, असा माझा नेम होता. बाकीच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराच्या पिशव्यांत घालून, उभ्या ठेवलेल्या. त्या ठेवणीतल्या. वर्षाला बारा ऐकून व्हायच्या आणि सोळा-सतरा यायच्या. पेटी भरत गेली, तसतसं मला बरं वाटत गेलं. मिलमधून अंग काढून घेतलं की निवांत बसू आणि एकेक ऐकू, असा बेत होता.

त्यातली सगळ्यात जपलेली रेकॉर्ड राजेश्वर गावची. तिथे एक लाऊडस्पीकरवाला होता. पूर्वी लग्नात, जत्रेत कर्णे बांधायचा. आता डीजेपुढे त्याला कोण विचारतो? त्यानं माळ्यावरून लाकडी खोकं उतरवून दिलं. वरच्या सगळ्या सिनेमाच्या, तडकलेल्या, चरे पडलेल्या. तळाशी एक बिनकव्हरची होती. मधला कागद वाळवीनं निम्मा खाल्लेला. एका बाजूला कानडी, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि 'तत्त्वपद', म्हणजे आपल्या भजनासारखं, एवढाच शब्द शाबूत. गाणारीचं नाव वाळवीच्या पोटात गेलेलं.

"कोण आहे ही?" मी विचारलं.

"कोन की, अण्णा. बाई हाय. एकदा लगनात लावलो तर मांडवातली मानसं रडायली. पोरीचा बाप माज्या अंगावर आला. तवापासून खाली घालून ठिवलो."

मी ती शर्टाच्या आत घालून, हुमनाबादला बस बदलून, घरी आणली. वाटेत तीनदा काढून बघितली. शेजारच्या सीटवरचा माणूस शेवटी उठून दुसरीकडे बसला. अशी रेकॉर्ड लगेच ऐकायची नसते, असं मी ठरवलं आणि पेटीत सगळ्यात मागे ठेवली. तिला सहा वर्षं हात लावला नाही. ती तिथे आहे, एवढ्यावरच मी खूश होतो. इतका मूर्ख माणूस दुसरा दाखवा.

मग कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. आधी मी कुकरवाल्याला शिव्या दिल्या. फोन वाजेना, तेव्हा फोन बदलला. शेवटी बायकोनं कलबुर्गीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. उजवा कान गेलाच आहे म्हणाला. डाव्यातही बारीक, उंच आवाज आधी जातील, मग बाकीचे. मिलमध्ये कानात बोळे घालायला कुणी सांगितलं नव्हतं का, असं त्यानं विचारलं. सांगितलं होतं की! आमच्या हमालांना मीच सांगायचो.

"किती दिवस आहेत?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. तुमचा फार वेगानं उतरतोय. वर्ष धरू नका."

घरी आलो आणि चप्पल न काढता पेटी उघडली. मोजल्या. एकशे एकोणपन्नास. बाराच्या हिशेबानं बारा वर्षं पुरल्या असत्या. मी पेटीपाशीच फरशीवर बसलो.

दुसऱ्या दिवसापासून मिल मुनीमजींवर सोडली आणि ऐकायला बसलो. दिवसाला पाच, मग आठ. सकाळी चहाच्या आधी एक, जेवताना एक. स्पीकरला डावा कान चिकटवून बसायचो. आवाज इतका मोठा, की समोरच्या घरातली अक्का येऊन सांगून गेली, "अण्णा, आमचं लेकरू दचकून उटायलंय." मी हो म्हटलं आणि ती गेल्यावर बटण आणखी फिरवलं. डॉक्टरनं दिलेलं मशीन कानात घातलं, तर सनई पत्रा कापल्यासारखी वाजली. काढून टेबलाच्या खणात टाकलं.

आणि खरं सांगतो, यातून सुख काडीचं मिळत नव्हतं. एक संपायच्या आत दुसरीची घाई. कालची कव्वाली आणि आजचं वचन डोक्यात एकमेकांत मिसळून जायचं. कुठे सूर हरवला की मला कळेना, तो गाणाऱ्यानं सोडला की माझ्या कानानं. मग तीच जागा पुन्हा लावायची, पुन्हा लावायची. एकदा तर रागाच्या भरात मी एक रेकॉर्ड भिंतीवर आपटली आणि तिचे तुकडे वेचताना जिवाच्या आकांतानं ओरडलो. माझं ओरडणंही मला लांबून आल्यासारखं ऐकू आलं.

राजेश्वरची मात्र मी लावत नव्हतो. भीती वाटायची. तीही ऐकू आली नाही, तर पुढे काय? पण एका दुपारी लक्षात आलं, की सकाळपासून ऐकलेल्या तीन रेकॉर्डींत बाईचा आवाज नुसता धुरकट लागला होता. आता थांबण्यात अर्थ नव्हता. तिला पिशवीतून काढली, पुसली, मराठी बाजू वर केली आणि सुई टेकवली.

बायको दाराशी सूप घेऊन तूर निवडत बसली होती. मी कान स्पीकरला लावला. तबला आला. बाजाच्या पेटीचे खालचे सूर आले. मग तबल्यानं ठेका धरला आणि माझ्या लक्षात आलं, की बाई गायला लागली आहे, कारण ठेका असा कुणासाठी तरीच धरतात. तिचा आवाज मला येत नव्हता. श्वासासारखं काहीतरी, बस्स. मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. तबला अंगावर आला, बाई आली नाही.

तेवढ्यात बायको उठली. सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले, प्लेअरपाशी आली, सुई हलकेच उचलली, केसभर पुढे टेकवली आणि परत जाऊन तूर निवडायला लागली.

मी स्पीकरपासून कान काढून वळलो. "काय केलंस?"

"तितं अडकतंय की ते," ती मान वर न करता मोठ्यानं म्हणाली.

सुई अजून अडकलीसुद्धा नव्हती. आणि ही रेकॉर्ड घरात आल्यापासून मी एकदाही वाजवली नव्हती.

मी प्लेअर बंद केला. "तुला काय माहीत, कुठे अडकतं ते?"

तिनं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तुमी मिलला गेल्यावर ऐकायची म्या. दुपारचं."

"कोणती? ही?"

"समद्या."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. सहा वर्षं मी जिला बोट लावलं नव्हतं, ती हिनं शिळी करून टाकली होती! सुया इतक्या लवकर कशा झिजतात म्हणून मी हैदराबादच्या सुईवाल्याशी भांडण काढलं होतं, तेही आठवलं. मी वाटेल ते बोललो. चोर म्हणालो. ती तूर निवडत राहिली.

"मला कामून सांगितलं नाहीस?"

"तुमी ठिवलेलं व्हतं. ठिवण्यातच तुमाला खुशी व्हती, ती कशाला मोडायची? पर घरात एवढं गानं आसून कुनीच ऐकंना, ह्येबी बरं वाटंना मला."

मी त्या थांबलेल्या रेकॉर्डीवरची सुई उचलून बाजूला ठेवली. राग ओसरला आणि त्या जागी नुसती भूक उरली.

"कशी गाते गं ती?" मी विचारलं. "सांग ना मला."

तिनं सांगायचा प्रयत्न केला. लई चांगलं गाती, म्हणाली. वर जाती आन तितंच थांबती. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "न्हाई सांगता यायलंय. म्हनून दावू?"

बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी गायला सांगितलं नव्हतं. तिला गाता येतं, हेच माहीत नव्हतं. ती माझ्या डाव्या बाजूला आली, कानाशी तोंड आणलं आणि खालच्या पट्टीत म्हणायला लागली. तुरीचा वास येत होता तिच्या हातांना. सगळं नाही, पण ऐकू आलं. शब्द आले, मधली वळणं आली, ती जिथे वर जाऊन थांबते ती जागाही, थोडी फाटकी का होईना, आली. मांडवातली माणसं का रडली, ते मला कळलं. पण मी रडलो तो आपल्या गाढवपणापायी. गाणारी घरात होती आणि मी राजेश्वरपर्यंत हिंडत होतो.

"दुसरी लावू का?" तिनं विचारलं. पेटीत अजून तीसएक न ऐकलेल्या होत्या.

"नको. हेच अजून एकदा म्हण."

त्यानंतर मी पेटी उघडली नाही. उरलेला कान तिच्यावर खर्चायचा, असं ठरवलं. रोज दुपारी ती गाते. तिला वाटतं, मला बरं पडतंय. मला रोज थोडं कमी येतं, ते तिला सांगितलेलं नाही. काल तिला समोर बसवून घेतलं, कानाशी नको म्हटलं, मला तुझं तोंड बघायचंय. ती हसली आणि गायला लागली. पद संपलं, ते मला तिचे ओठ मिटल्यावर कळलं.

"यायलंय न्हवं ऐकू?" असं तिनं विचारलं असावं.

व्हय, मी म्हणालो. अजून एकदा म्हण.