चुलीजवळची जागा

बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, शिजणाऱ्या पिठाचा वास आला की दोंडाईच्याजवळचं ते अंगण आठवतं. ऐन उन्हाळ्यात सगळ्या बाया घामाने निथळत होत्या आणि घरची सून मात्र चुलीला चिकटून पेंगत होती. "आळशी शे हाई! आखाजीले माहेर गई की परत आणूच नको," सासू मुलाला बजावत होती. मी तिथे आरोग्याची पत्रकं वाटायला गेले होते; हा रक्त कमी असल्याचा थकवा, असं समजून मी संतापाने रक्तवाढीच्या गोळ्यांचं पत्रक सासूच्या हातात कोंबलं. सून पुटपुटली, "ताई, त्या गोळ्या खाईसन थकनू. थकवा जात नही, अन् मले थंडी वाजस." या उन्हात थंडी? मला राहवेना. धुळ्याला नेऊन तिचं रक्त तपासलं, तर थायरॉईड कमी निघालं; थकवा आणि थंडी दोन्ही त्याचीच. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सरल्यावर सुनेला माहेराहून आणायला सासू स्वतः गेली. माझ्या पत्रकात थंडीबद्दल अक्षरही नव्हतं. आता पत्रक वाटण्याआधी मी विचारते, तुमच्यात चुलीजवळची जागा कोण मागून घेतं?