सगळ्यांना थोडं थोडं

दारव्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यात श्रावणला शिपायाची नोकरी लागली, तेव्हा त्याची आई कांताबाई म्हणाली, "मेलेली ढोरं लय ओढली आपन. आता जित्यायले हात लाव." छप्पन साली धम्म घेतल्यापासून त्यांच्या वस्तीनं ढोरं ओढणं सोडलं होतं.

श्रावणनं एक रीत ठरवली. दवाखान्यातून कोणाला रिकाम्या हाती पाठवायचं नाही. दारातून परतणं कसं असतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. डॉक्टर दौऱ्यावर गेले की सुई त्याच्याच हाती. पावसाळ्यात वासरांना हगवण लागली की एका वासराची स्ट्रेप्टोमायसिनची बाटली तो चौघांत वाटायचा. वासरू जरा उभं राहिलं की त्याची दुसरी सुई शेजारच्या वासराला. पंगतीत वाढावं तसं. लोक त्याला डॉक्टरच म्हणू लागले. मारोतराव पाटील तेवढे चिडवायचे, "काय बे डॉक्टर, औषध देतो का पानीच देतो?" श्रावण हसायचा.

मग गुण येईनासा झाला. अडुसष्टच्या पावसाळ्यात अख्खी बाटली टोचूनही वासरं आडवी पडू लागली.

त्याच वर्षी कांताबाईच्या गाईला कालवड झाली. घरात जन्मलेलं पहिलं जनावर. तिला हगवण लागली तेव्हा श्रावणनं डॉक्टरांनाच घरी आणलं. पुरा डोस दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरा. कालवडीचे डोळे आत गेले.

"साहेब, हिनं तं हे औषध कधी पाह्यलंबी नाही."

"हिनं नाही. हिच्या पोटातल्या जंतूंनी पाहिलंय," डॉक्टर म्हणाले. "अर्ध्या औषधातून जे जगतात, ते शेणापाण्यातून पसरतात. वर औषध पचवायची ताकद दुसऱ्या जंतूंनाही देतात. हातातून हातात द्यावी तशी."

अर्धं औषध कोणी दिलं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. श्रावणनं सांगितलं नाही.

कालवड दुपारी गेली. मायलेकांनीच खड्डा खणला.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर दौऱ्यावर होते आणि दवाखान्यापुढं रांग होती. बाटल्या दोनच. पुऱ्या दिल्या तर एखादं वासरू वाचलं तर वाचलं. वाटल्या तर एकही नाही.

"आज दोघायलेच भेटन," श्रावण म्हणाला.

तांड्यावरची रुपीबाई वासरू पोटाशी धरून पायरीवर बसली. "आमी तांड्यावरचे म्हून नाही का रे भाऊ? दुसऱ्या कोनी म्हनलं असतं तं सोसलं असतं. तुह्या तोंडून?"

मागून कोणी ओरडलं, "टाक ना बे थोडं थोडं, कंजूस!"

श्रावणनं बाटली हलवली. पिचकारी भरली. पाव भाग रुपीबाईच्या वासराला टोचला. तिनं त्याच्या तोंडावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर कडकड बोटं मोडली.

त्यानं पुढच्याला हाक मारली.