आईनं सोडलेली चिमणी

मित्रांनो, जानेफळहून आईला घेऊन कंबोडियाला आलोय. आज सायंकाळी नॉम पेन्हच्या नदीकाठी फिरत होतो. तिथं पुण्य लागावं म्हणून लोक पिंजऱ्यातल्या चिमण्या विकत घेऊन सोडतात.

मी एक आईच्या हातात दिली. तिनं मूठ उघडली, पण चिमणी तळहातावरच बसून राहिली.

"जाय बाबू," आई म्हणाली, "आता नाई अडवत मी तुले."

चिमणी उडाली आणि आई हमसून रडायला लागली.

धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्याला निघाला होता, तेव्हा आईनंच त्याला थांबवलं होतं. पुढच्याच महिन्यात तो गावाजवळ अपघातात गेला. तेव्हापासून ती रडलीच नव्हती.

तुम्ही असता तर तिला काय म्हणाला असता?